हाताची घडी, तोंडावर बोट आणि त्यापुढची शांतता



मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला एक आज्ञा तोंडपाठ असते : "हाताची घडी, तोंडावर बोट!" बाईंनी असे म्हटले की सारा वर्ग क्षणात गप्प होतो. बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकावरून कुजबुज सुरू होते. आजोबांच्या वेळी हेच होत असे आणि नातवंडांच्या वेळीही हेच होते. याचे कारण असे की ती शांतता बाईंची असते. मुले ती त्यांना थोडा वेळ उसनी देतात आणि लगेच परत घेतात.

मुलांना स्वतःची वाटेल अशीही एक शांतता असते. ती का हवी, ती शिकवता येते का आणि आपल्या घरात व शाळेत तिला जागा कशी करून द्यावी, याविषयी या अंकात आम्ही चार गोष्टी मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : वाचन, पाढे आणि सुवाच्य अक्षर जसे सवयीने येते तशीच शांतताही सवयीने येते. मात्र तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, आणि आज आपल्याकडे कमी पडतो तो वेळच.

शब्द अनेक, अर्थ निराळे

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. धाकाने बसतो ती 'चिडीचूप'. रस्त्यावर कोणी नसते तो 'शुकशुकाट'. भांडणानंतर दोघांमध्ये येतो तो 'अबोला'. ठरवून, नेमाने पाळतो ते 'मौन'. काम आटोपल्यावर ओसरीवर बसून मिळतो तो 'निवांतपणा'. या पाचही ठिकाणी कोणी बोलत नाही, पण मनाची अवस्था दरवेळी वेगळी असते. अबोल्यात मन आतून ओरडत असते. चिडीचूप बसलेल्या मुलाचे लक्ष धड्याकडे नसते, ते बाईंच्या हातातल्या पट्टीकडे असते. मौनात आणि निवांतपणात मात्र मन ऐकू लागते.

आम्हाला हवी आहे ती ही ऐकणारी शांतता. आपल्या जुन्या घरांत तिच्यासाठी वेगळे वर्ग घ्यावे लागत नव्हते. चातुर्मासात काही मंडळी मौनभोजनाचा नेम धरीत. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरातली धावपळ घटकाभर थांबे. दुपारी जेवणे झाल्यावर वाडा पेंगत असे. आज ती घरे राहिली नाहीत आणि ते दिवस जसेच्या तसे परत आणावेत असेही आमचे म्हणणे नाही. त्या काळी दिवसाच्या रचनेतच थांबण्याच्या जागा होत्या. आता त्या आपल्याला मुद्दाम कराव्या लागतील, एवढेच.

रोममधून गुजरातेत आलेला एक खेळ

शांतता शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांना अगदी सहज सापडले. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. एकदा अंगणात एक आई चार महिन्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती. माँटेसरी त्या बाळाला घेऊन वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या की ही पाहा किती शांत आहे, हिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही, असे तुम्हाला जमणार नाही. मुलांना ते आव्हान वाटले. त्यांनी पाय जुळवले, हात स्थिर केले, श्वास हळू केला. हळूहळू त्या खोलीत एरवी कधी लक्षात न येणारे बारीक बारीक आवाज ऐकू येऊ लागले.

पुढे माँटेसरींनी याचा खेळच केला. मुलांनी निश्चल बसायचे. मग बाई शेजारच्या खोलीत जाऊन एकेकाचे नाव अगदी हलक्या आवाजात पुकारणार. ज्याचे नाव येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून जायचे. चाळीस मुले असतील तर शेवटच्या मुलाला बराच वेळ वाट पाहावी लागे, तरी मुले खुशीने बसून राहत. सुरुवातीला बक्षीस म्हणून त्यांनी गोळ्या देऊ केल्या, तर मुलांनी त्या घेतल्या नाहीत. मुलांना शांततेचा आनंदच पुरेसा झाला होता.

हा खेळ आपल्या गुजरातेत आला तो भावनगरमार्गे. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या.  १९२६ साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी हे बालशिक्षण मुंबईत, नंतर बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून केलेल्या या कामाचा वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष अभिमान वाटावा.

गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकात मात्र याच खेळाची गंमतशीर फजिती आहे. त्यातले नवे मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातात. दारे-खिडक्या लावून अंधार करतात, मुलांना शांत व्हायला सांगतात, आणि मुले नुसता दंगा करतात. दुसऱ्या दिवशी मास्तर हुशारीने गोष्ट सांगायला घेतात, आणि तोच वर्ग तल्लीन होऊन ऐकू लागतो. यात शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी मोठाच धडा आहे. "गप्प बसा" म्हणून शांतता येत नाही. ऐकण्याजोगे काही असले म्हणजे ती आपोआप येते, आणि एकदा तिची गोडी लागली की मग नुसती शांतताही ऐकावीशी वाटते.

आवाजाचे थोडे गणित

आता थोडे विज्ञान पाहू. आवाज डेसिबल या एककात मोजतात. या मोजणीत १० ने वाढ झाली की ध्वनीची तीव्रता १० पट होते, २० ने वाढ झाली की १०० पट. आपल्या कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते. कुजबुज सुमारे ३० डेसिबल आणि समोरासमोर नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. शिकवणे चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शिकेत आहे. म्हणजे रिकाम्या वर्गात कुजबुजीहून थोडाच जास्त आवाज असावा! बाहेरचे हॉर्न, डोक्यावरचा खडखडणारा पंखा आणि शेजारच्या वर्गातला गलका धरला तर आपले बहुतेक वर्ग या मर्यादेत बसणे अवघडच.

याचा परिणाम शिक्षणावर होतो का? न्यूयॉर्कमधील एका शाळेचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. त्या शाळेच्या एका बाजूला लागून उंच पुलावरून आगगाडी जात असे. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी दाखवून दिले की त्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे आहेत, आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. मग रुळांखाली रबरी पट्ट्या घातल्या गेल्या आणि वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आच्छादन बसवले. १९८१ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. मुले तशीच होती आणि शिक्षकही तसेच होते. कमी झाला होता तो फक्त आवाज.

आपल्या मुलांसाठी ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. गोंगाटात आपल्या मातृभाषेतले अर्धवट ऐकू आलेले वाक्य आपण अंदाजाने पुरे करतो. दुसऱ्या भाषेतले वाक्य तसे पुरे करता येत नाही. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत आपली मुले वाढतात. त्यांना वर्गातली शांतता इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडते. शिक्षकांचा आवाज वर्गातल्या इतर आवाजांपेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असला तर मुलांना शब्द स्वच्छ कळतात, असे तज्ज्ञ सांगतात. त्यासाठी बाईंनी ओरडायचे की आसपासचा आवाज उतरवायचा, हे आपण ठरवायचे आहे. बाईंच्या घशाचाही विचार करावा!

तीन सेकंदांची किमया

वर्गातली सर्वांत छोटी आणि सर्वांत उपयोगी शांतता म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली. त्यांना आढळले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात, कधी तेवढेही नाही. लगेच प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. काही शिक्षकांना त्यांनी तीन सेकंद किंवा थोडे अधिक थांबायला शिकवले. तेव्हा मुलांची उत्तरे लांब आणि सकारण झाली, "माहीत नाही" म्हणण्याचे प्रमाण घटले, मुले आपणहून प्रश्न विचारू लागली, आणि ज्यांना मंद समजले जात होते तीही बोलू लागली.

तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात "एक, दोन, तीन" म्हणण्याइतकाच वेळ. पण चार भाषांतून योग्य शब्द शोधणाऱ्या मुलाला तेवढ्याने फार मोठी सोय होते. 'बारी' म्हणावे की 'खिडकी', 'वाटकी' की 'वाटी', असा घोटाळा मनात चालू असताना ते गप्प असते. आपण मात्र समजतो की त्याला येत नाही. मग आपणच शब्द पुरवतो, किंवा हसतो, किंवा "राहू दे, गुजरातीत सांग" म्हणतो. असे रोज झाले की मूल मराठीत बोलायचेच सोडून देते. परगावी पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपण आपली भाषा टिकवली, याचा आपल्याला अभिमान आहे. ती पुढेही टिकायची असेल तर संमेलने आणि स्पर्धा यांच्याबरोबरच जेवणाच्या ताटावरची ही तीन सेकंदेही लागतील. आजीने विचारावे, "आज शाळेत काय झालं रे?" आणि मग खरोखरच थांबावे.

मौन कोठे धरावे, कोठे सोडावे

मौनाचे गोडवे गाताना एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. महात्मा गांधी दर सोमवारी मौन पाळीत आणि गरज पडल्यास चिठ्ठी लिहून बोलत. २ जून १९४७ हा दिवस सोमवार होता. त्या दिवशी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी त्यांना फाळणीची योजना सांगितली, तेव्हाही गांधीजींनी वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तरे लिहिली. त्यांतच त्यांनी नमूद केले की आपल्या नेमाला दोन अपवाद ठेवले आहेत : तातडीच्या बाबतीत मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलणे आणि आजाऱ्याची सेवा. म्हणजे नेम कडक असूनही त्याला दोन दारे होती.

दुसरे उदाहरण आपल्या वडोदऱ्याशी नाते असलेले. आचार्य विनोबा भावे यांचे शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण येथेच झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीला गेले, ही हकिगत अनेकांना ठाऊक असेल. त्यांनी पवनार आश्रमात २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचे मौन घेतले. ते चालू असतानाच जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. अशा वेळी त्यांनी मौन सोडायला हवे होते की नाही, यावर तेव्हा वाद झाला आणि आजही होतो. तो वाद येथे सोडवायचा नाही. मात्र मौन हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही जबाबदारी येते, हे त्यातून कळते.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला त्रास देत असेल, चिडवत असेल, मारत असेल, तर तेथे गप्प बसणे म्हणजे शांतता नव्हे. तेथे आईबाबांना किंवा शिक्षकांना सांगितलेच पाहिजे. आणि पालकहो, मुलाने सांगावे असे वाटत असेल तर त्याला निवांत वेळ हवा. जड गोष्ट घाईत सांगता येत नाही. दप्तर भरताना, मोबाइल पाहताना किंवा मालिका चालू असताना मूल मनातले बोलणार नाही.

आपण काय करू शकतो

घरी करण्याजोग्या गोष्टी अगदी साध्या आहेत. रात्रीचे जेवण दूरदर्शन बंद ठेवून आणि सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून करावे. दिवेलागणीला पाच मिनिटे घरातले सगळे एकत्र बसावे. प्रार्थना म्हणायची असेल त्यांनी म्हणावी, नसेल त्यांनी नुसते बसावे. सुट्टीचा एक दुपारचा तास शिकवणी, छंदवर्ग, पडदा यांपैकी काहीही न ठेवता मोकळा सोडावा. "मला कंटाळा आला" असे मूल म्हणेल. म्हणू द्यावे. थोड्या वेळाने ते स्वतःच काहीतरी शोधून काढील.

वर्गात शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा शांततेचा खेळ घ्यावा. बालवर्गासाठी एक मिनिट पुरे, मोठ्यांसाठी तीन. खेळ संपल्यावर प्रत्येकाने ऐकलेला एक आवाज वहीत लिहावा. कोणाला पोपट ऐकू येईल, कोणाला शिपाईकाकांच्या किल्ल्यांचा जुडगा, कोणाला स्वतःचा श्वास. उत्तम निबंधाची सुरुवात अशीच होते. शिक्षा म्हणून मात्र हा खेळ कधीही घेऊ नये. ज्या दिवशी शांतता ही शिक्षा होईल, त्या दिवशी ती पुन्हा बाईंची होईल.

विश्वस्तांना आमची विनंती अशी. फरशीवर सरकणाऱ्या खुर्च्या-बाकांच्या पायांना रबरी बूच बसवावेत. गुळगुळीत भिंती आणि फरशी आवाज परतवतात, म्हणून वर्गाच्या मागच्या भिंतीवर चित्रे टाचण्याचा मऊ फलक आणि रस्त्याकडील खिडक्यांना जाड पडदे लावावेत. खडखडणारे पंखे दुरुस्त करून घ्यावेत. परिपाठाच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज मैदानापुरता ठेवावा.

याखेरीज कायद्याचीही मदत आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांत शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटर परिसरासाठी 'शांतता क्षेत्रा'ची तरतूद आहे. तेथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ठेवली आहे. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनुसार राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. आपल्या शाळेचा परिसर तसा अधिसूचित आहे का, याची चौकशी करावी आणि नसल्यास रीतसर अर्ज करावा.

गरबा, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन यांना या लेखाचा विरोध आहे असे कोणी समजू नये. आनंदाला आवाज असतोच आणि मुलांनी मैदानावर ओरडलेच पाहिजे. पण दिवसभर सतत आवाज असला की ढोलाचाही आनंद उरत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण म्हणतो. पाणी खोल व्हायचे तर त्याला थोडे साठू द्यावे लागते.

तेव्हा पालकहो, हा अंक घरी आल्यावर आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करून पाहा. मुलाला एक प्रश्न विचारा, मनात तीन अंक मोजा आणि ऐका. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही आईबाबांना प्रश्न विचारा आणि उत्तराची तेवढीच वाट पाहा. या महिन्यात शांततेचा खेळ खेळताना तुम्ही ऐकलेले आवाज चार-पाच ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक ओळी पुढील अंकात आनंदाने छापू.